टीव्हीवर गाडी उशिरा वळते: तीन स्क्रीन, अल्ट्रावाइड की एकच मॉनिटर?

वखरवाला (दारव्हा तालुका, यवतमाळ)

मंडळी, राम राम. सिम रेसिंगसाठी (संगणकावर खऱ्यासारखी गाडी पळवायचे गेम) स्क्रीन घ्यायची आहे. व्हिडिओ पाहून पाहून डोक्याचा भुगा झाला, म्हणून इथे विचारतो.

सेटअप असा: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, व्हील लॉजिटेक जी२९. स्क्रीन म्हणजे घरातला जुना ४३ इंची टीव्ही, ६० हर्ट्झचा. वरच्या खोलीत भिंतीला ठोकला आहे आणि मी त्याच्यापासून दोनेक मीटरवर बसतो. मुख्यतः असेटो कोर्सा, अधूनमधून त्याचाच पुढचा गेम कॉम्पिटिझिओने, आणि रात्री डोकं शांत करायचं असलं की युरो ट्रक.

दुखणं असं की ई३० बीएमडब्ल्यू घेऊन इमोलाच्या ट्रॅकवर गेलो की व्हेरिअंट आल्टा या वळणाच्या कर्बवर (कडेच्या उंचवट्यावर) मागची बाजू सुटते. व्हील हातात हलकं पडते, तेव्हाच मला कळते. मी उलटं वळवतो, पण स्क्रीनवरची गाडी तोवर निघून गेलेली असते. मग जास्त वळवतो आणि ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते. हेच व्हील यवतमाळला मित्राकडे नेलं, त्याच्या मॉनिटरवर तीच गाडी चालवली, तर मुकाट हातात राहिली.

बजेट २५ ते ३० हजार, तेही तूर विकल्यावर. मनात तीन पर्याय आहेत: २४ इंची तीन स्क्रीन, ३४ इंची अल्ट्रावाइड, नाही तर २७ इंची चांगला मॉनिटर. खोली १० बाय १२ आहे आणि डिसेंबरपासून भाव येईपर्यंत अर्ध्या खोलीत कापूस असतो. तीन स्क्रीन पसरल्या तर कापूस कुठे टाकायचा, हा आईचा प्रश्न आहे, माझा नाही.

बर्डीचा_पोऱ्या (नागपूर)

भाऊ, पैसे काढू नका अजून. आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या.

टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. चित्रातले दाणे कमी कर, रंग खुलव, दोन फ्रेमच्या मधे तिसरी खोटी फ्रेम घाल म्हणजे सिनेमा गुळगुळीत दिसेल, असे सगळे सोपस्कार तो आत करतो. त्यासाठी त्याला काही फ्रेम अडवून ठेवाव्या लागतात. सिनेमाला त्याने काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ढकलला जातो. गेममध्ये मात्र तुमचा हात पुढे आणि चित्र मागे. गेम मोड बंद असताना १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर करणारे टीव्ही मी कितीतरी पाहिले. तोच टीव्ही गेम मोडवर टाकला की १५-२० वर येतो.

सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. 'मोशन' नावाचं जे जे दिसेल ते बंद. काही टीव्हींमध्ये एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं की आणखी सोपस्कार गळतात, तेही करून पाहा.

दुसरी गोष्ट, गेममध्ये व्ही-सिंक (कार्डाच्या फ्रेम स्क्रीनच्या तालावर सोडणारी सेटिंग) चालू आहे का? ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. व्ही-सिंकमध्ये कार्ड फ्रेम तयार करून रांगेत उभी करते. रांगेत दोन फ्रेम जरी थांबल्या तरी ३३ मिलिसेकंद नुसते उभं राहण्यात गेले. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये लो लेटन्सी मोड 'अल्ट्रा' करा, व्ही-सिंक काढा. चित्र मधेच फाटल्यासारखं दिसेल, ते सध्या सोसा.

जुना_गडी (मूर्तिजापूर)

हे मिलिसेकंदाचं खूळ कायले पाहिजे बाप्पा? माणसाले दिवा लागलेला दिसून बटण दाबेपर्यंत २०० मिलिसेकंद जातेत. त्याच्यात ५० इकडं झाले का तिकडं. आम्ही डब्बा मॉनिटरवर रेस जिंकलो आहे. सराव करा, स्क्रीन बदलून कोणी शूमाकर होत नाही.

चिकणमाती (पुणे, मूळ चिखली)

गडीभाऊ, डब्बा मॉनिटरचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. सीआरटीमध्ये सिग्नल आला की इलेक्ट्रॉनचा झोत थेट पडद्यावर. आत फ्रेम अडवून ठेवणारं काही नाही. उशिराच्या बाबतीत तो आजच्या टीव्हीपेक्षा कितीतरी सरस होता.

२०० मिलिसेकंदांचं म्हणणं अनपेक्षित गोष्टीला लागू पडतं. समोर अचानक कोणी फिरला, तर तेवढा वेळ लागणारच, आणि स्क्रीनचा उशीर त्यात मिळवला जाईल, वजा होणार नाही. पण गाडी चालवणं म्हणजे दर क्षणी थोडं वळवा, काय झालं पाहा, पुन्हा थोडं वळवा. या चक्रात 'पाहा' उशिरा आलं की हात जुन्या चित्रावर निर्णय घेतो. गाडी आधीच सावरलेली असताना आपण आणखी वळवतो. मग ती उलट्या बाजूला जाते, आपण पुन्हा जास्त वळवतो. वखरवाल्यांनी व्हेरिअंट आल्टाचं जे सांगितलं ते नेमकं हेच आहे. नियंत्रण शास्त्रात हा पाठ पहिल्या वर्षाला असतो: चक्रात उशीर वाढला की डोलणं वाढतं.

आकडा हवा असेल तर ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोब्बर ५० मीटर. १४० मिलिसेकंद उशीर असेल तर डोळ्यांना दिसणारी गाडी खऱ्या गाडीच्या ७ मीटर मागे. ४० असेल तर २ मीटर. ब्रेकिंग पॉइंटला या फरकाची सवय होऊन जाते, कारण तो दर फेरीला सारखाच असतो. सुटलेली मागची बाजू सावरताना होत नाही.

जी२९ सारख्या व्हीलमध्ये आणखी एक पेच आहे. फोर्स फीडबॅक (व्हील हाताला देते तो जोर) स्क्रीनची वाट पाहत नाही. असेटो कोर्साचं फिजिक्स सेकंदाला ३३३ वेळा चालतं आणि जोर यूएसबीवरून थेट हाताला येतो. म्हणून 'व्हील हलकं पडते तेव्हाच कळते' हे त्यांचं वाक्य अगदी खरं आहे. हाताला बातमी आधी आली, डोळ्यांना नंतर.

वखरवाला

आता समजलं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला प्ले आला होता तेव्हा रस्त्यावर असाच नागमोडी जायचा.

बर्डीचा_पोऱ्या

प्ले वेगळा आणि उशीर वेगळा भाऊ 😄 प्लेमध्ये काही अंशांपर्यंत चाक हलतच नाही, नंतर लगेच हलते. उशिरात सगळं हलते, फक्त मागाहून. पण नागमोडी दोन्हीत जाते, हे कबूल.

मिरचीवाली_ताई (भिवापूर)

टीव्हीला एवढी नावं ठेवू नका हो. माझ्याकडे पीएस५ आहे, टीव्ही १२० हर्ट्झचा. कन्सोल लावला की तो आपोआप गेम मोडवर जाते, एचडीएमआय २.१ मधली सोय आहे ती. ग्रॅन टुरिस्मो ७ त्यावर मस्त चालते. उशीर काही जाणवत नाही.

फक्त एक केलं: टीव्ही भिंतीवरून काढून व्हीलच्या मागे टेबलावर आणला. आधी दूरून पाहत होते तेव्हा वळण कधी आलं ते समजायचंच नाही. ४३ इंची २ मीटरवर म्हणजे खिडकीतून बाहेरची गाडी पाहिल्यासारखं होते. दादा, तुम्ही टीव्हीच जवळ ओढून पाहा ना आधी. फुकटचं काम आहे.

चिकणमाती

ताईंना +१. हिशेब करून दाखवतो. ४३ इंची स्क्रीनची रुंदी ९५ सेंटीमीटर. २ मीटरवरून ती डोळ्यासमोर जेमतेम २७ अंश व्यापते. ७० सेंटीमीटरवर आणली तर ६८ अंश.

वखरवाला, तुमचं गेममधलं एफओव्ही (दिसणाऱ्या दृश्याचा कोन) किती आहे? असेटो कोर्सात तो उभा कोन असतो, लक्षात ठेवा.

वखरवाला

५६. आधीपासून होतं तेच आहे, कधी हात लावला नाही.

चिकणमाती

२ मीटरवरच्या ४३ इंचीचा खरा उभा कोन सुमारे १५ अंश. तुम्ही ५६ अंशांचं दृश्य त्यात कोंबून बसला आहात. त्यामुळे समोरचं सगळं लहान आणि लांब दिसतं, वेग भलताच वाटतो आणि गाडीचं तोंड किती वळलं ते बारीक कळत नाही. मागची बाजू सुटल्याचं डोळ्यांना उशिरा कळण्यात याचाही वाटा आहे. म्हणजे सगळं खापर इनपुट लॅगवर, म्हणजे या उशिरावर, फोडू नका.

वणीकर_एक्सप्रेस (वणी)

मधेच घुसतो. गेमिंग लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावला तर उशीर वाढतो का कमी होतो?

बर्डीचा_पोऱ्या

पोर्ट कुठे जोडलेला आहे त्यावर आहे. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट ग्राफिक्स कार्डाला असतो, तिथे कमी होतो. काहींमध्ये चित्र आधी प्रोसेसरच्या ग्राफिक्सकडे जाते आणि मग बाहेर, तिथे थोडी भर पडते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सच्या पानावर कोणता पोर्ट कोणाला जोडला आहे त्याचं चित्र दिसते. म्युक्स स्विच (चित्र थेट कार्डाकडून घ्यायची सोय) असेल तर तोही पाहून घ्या. यावर वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल.

संत्रा_टर्बो (वरूड)

मी तीन स्क्रीनवाला, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा. २४ इंची तीन, प्रत्येक १४४ हर्ट्झ. ६० सेंटीमीटरवरून एक स्क्रीन ४८ अंश, तिन्ही मिळून १४०च्या वर. उजवीकडच्या वळणाचा एपेक्स (वळणाचा आतला टोकाचा बिंदू) उजव्या स्क्रीनमध्ये खरोखर मान वळवून पाहता येतो. शेजारी गाडी आली तर ती शेजारीच दिसते, आरशात शोधावी लागत नाही. ऑनलाइन रेसमध्ये याच्यासारखं सुख नाही. एकदा सवय लागली की एका स्क्रीनवर डोळ्याला झापड बांधल्यासारखं वाटते.

आणि पसारा तुम्ही समजता तेवढा नाही. कडेच्या दोन्ही आत वळलेल्या असतात, त्यामुळे एकूण रुंदी सव्वा मीटरच्या आसपास. कापसाचं गणित जमू शकते.

आता कडू भाग. १०८० पीच्या तीन स्क्रीन म्हणजे ६२ लाख पिक्सेल. एका स्क्रीनचे २१ लाख. ३०६० वर असेटो कोर्सा धावेल, पण कॉम्पिटिझिओने पावसात, ग्रिडवर २० गाड्या असताना रडवेल. सेटिंग खाली आणाल तर चालेल, पण मग झाडं पुठ्ठ्याची दिसतील. शिवाय कॉम्पिटिझिओनेमध्ये तीन स्क्रीनचा कोन नीट बसवायची कटकट वेगळी, असेटो कोर्सात ते सोपं आहे.

घ्यायच्या तर तिन्ही एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी. मी दोन आधी आणि तिसरी नंतर घेतली. तेव्हा ते मॉडेलच बंद झालं होतं, आता डावीकडचं डांबर थोडं हिरवट दिसते.

बर्डीचा_पोऱ्या

टर्बोभाऊंच्या बोलण्यात उशिराचा मुद्दा लपला आहे, तो उघडा करतो. स्क्रीनचा स्वतःचा लॅग हा एकूण उशिराचा एक तुकडा. व्हील ते यूएसबी, गेमचं फिजिक्स, प्रोसेसर, कार्डाने फ्रेम काढणं, रांग, केबल, पॅनल, अशी साखळी असते. चांगल्या मॉनिटरचा तुकडा ४-५ मिलिसेकंदांचा असू शकतो. पण कार्डाची एक फ्रेम ७ मिलिसेकंदांवरून १८ वर गेली तर मॉनिटरमध्ये कमावलेलं सगळं तिथेच गेलं. ३०६० ला तीन स्क्रीन लावणं म्हणजे उशीर विकत घेणं आहे. नंतर कार्ड बदलणार असाल तर गोष्ट वेगळी.

आणि दुकानात पेटीवर '१ एमएस' लिहिलेलं असते त्याला भुलू नका. तो पिक्सेलचा रंग बदलण्याचा वेळ आहे, तोही ओव्हरड्राइव्ह कमाल केल्यावरचा. त्या सेटिंगवर गाडीच्या मागे उलट्या रंगाची पांढुरकी सावली दिसते. इनपुट लॅगचा आकडा पेटीवर कोणी छापतच नाही. आरटिंग्ससारख्या साइटवर मोजलेला मिळतो, मॉडेल शोधून तिथे पाहा.

जुना_गडी

बरं मोजता कसं हे? सगळे सांगून राहिले पन्नास आन् शंभर. घरी बसून कळते का?

चिकणमाती

कळतं. फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा. व्हील आणि स्क्रीनवरचं व्हील दोन्ही एका चौकटीत येतील असा फोन उभा करा. खोलीत उजेड भरपूर ठेवा. गाडी पिटमध्ये उभी, आणि व्हीलला एक झटका. मग तो व्हिडिओ संगणकावर व्हीएलसीमध्ये उघडून 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जा. हातातलं व्हील हललं ती पहिली फ्रेम, स्क्रीनवरचं हललं ती दुसरी. मधल्या फ्रेम मोजा आणि ४.१७ ने गुणा. पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या, कारण एखाद-दुसऱ्या फ्रेमचा फरक राहतोच.

काही फोनमध्ये ९६० फ्रेम लिहिलेलं असतं, त्यातल्या पुष्कळशा फोनने स्वतः बनवलेल्या असतात. मोजायला २४० च वापरा.

वखरवाला

केलं. लहान भावाला फोन धरायला बसवला. आईने विचारलं काय चाललं आहे, तो म्हणाला दादा टीव्हीचं बीपी मोजून राहिला.

टीव्ही होता तसा, व्ही-सिंक चालू: ३४ फ्रेम, म्हणजे १४२ मिलिसेकंद.
गेम मोड चालू, मोशन बंद: २१ फ्रेम, ८७.
वरून व्ही-सिंक बंद, लो लेटन्सी अल्ट्रा: १४ फ्रेम, ५८.

टीव्ही भिंतीवरून उतरवून ७५ सेंटीमीटरवर ठेवला आणि एफओव्ही ३९ केलं. गाडी आता सावरते! व्हेरिअंट आल्टा जमायला लागली. चित्र मात्र फाटते, लांब सरळ रस्त्यावर झाडं मधेच कापल्यासारखी दिसतात. आणि टीव्हीचा खालचा निम्मा भाग व्हीलमागे जातो, वरचा डोक्यावर. मान दुखते. शिवाय घरच्यांना टीव्ही परत पाहिजे.

मिरचीवाली_ताई

बघा, फुकटात ८४ मिलिसेकंद कमी झाले 🙂 पण मान दुखते तर मॉनिटरच घ्या.

जुना_गडी

१४२ वर तुम्ही इमोलाले गेले कसे हेच मला कळून नाही राहिलं. माझ्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर मोजलं, १५ फ्रेम आल्या. माझा सल्ला अर्धा मागे घेतो. अर्धाच.

चिकणमाती

गडीभाऊंचं उरलेलं अर्धं बरोबर आहे. ६० मिलिसेकंद कायम ६० राहिले तर मेंदू जुळवून घेतो. त्रास होतो तो कधी ५० आणि कधी ९० होण्याचा. म्हणून सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम) फ्रेम एकसारख्या येतात का ते पाहा.

आता खरेदी. वखरवाल्यांच्या कार्डाला धरून तुलना करतो, सगळं ६० सेंटीमीटर अंतरावरून.

२७ इंची, २५६० बाय १४४०: आडवा कोन ५३ अंश, उभा ३१. पिक्सेल ३७ लाख.
३२ इंची, तेच रेझोल्यूशन: ६१ अंश. कार्डावर भार तेवढाच.
३४ इंची अल्ट्रावाइड, ३४४० बाय १४४०: ६७ अंश, पिक्सेल ४९.५ लाख. उंची २७ इंचीएवढीच, फक्त दोन्ही बाजूंना जास्त दिसतं.

अल्ट्रावाइडचा मोह मलाही आहे. पण या बजेटमध्ये जे ३४ इंची मिळतात त्यातले बहुतेक व्हीए या प्रकारच्या पॅनलचे. व्हीएमध्ये काळ्यातून करड्याकडे जाताना पिक्सेल सुस्तावतात. रात्रीच्या रेसमध्ये, बोगद्यात, झाडांच्या सावलीत काळपट ओघळ दिसतो. लॅग मोजला तर उत्तम येईल, तरी डोळ्याला चित्र मागे राहिल्यासारखं वाटेल. दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजायच्या असतात त्या यासाठी.

मी २७ इंची आयपीएस (पॅनलचा दुसरा प्रकार), १६५ हर्ट्झ किंवा पुढे, असं सुचवीन. अंतर ५० सेंटीमीटरवर आणलंत तर त्याचाच कोन ६२ अंश होतो. स्क्रीन जवळ ओढायला पैसे लागत नाहीत.

संत्रा_टर्बो

५० सेंटीमीटरवर तासभर बसून पाहा, डोळे कसे चुरचुरतात ते. ३२ इंची घ्या दादा, ६० वर ठेवा. तेच रेझोल्यूशन, कोनही तोच.

चिकणमाती

तेही चालेल. आयपीएस ३२ इंची बजेटमध्ये मिळाला तर. बहुतेक पुन्हा व्हीएच गळ्यात पडतो.

बर्डीचा_पोऱ्या

कोणताही घ्या, फ्रीसिंक बघून घ्या. २०१९ पासून एनव्हिडियाचं कार्डही डिस्प्लेपोर्टवरून ते वापरते. त्यात स्क्रीन कार्डाची वाट पाहते, कार्ड स्क्रीनची नाही. चित्र फाटत नाही आणि रांगही लागत नाही. १६५ चा असेल तर एफपीएस १६० वर अडवा. १६५ ला टेकलं की पुन्हा व्ही-सिंकसारखी रांग सुरू होते.

पेटीतली डिस्प्लेपोर्ट केबलच लावा. जुनी एचडीएमआय केबल लावून १४४० पीवर ६० हर्ट्झच येते म्हणणारे गिऱ्हाईक महिन्याला दोन तरी येतात. आणि विंडोजमध्ये जाऊन १६५ निवडा बाप्पा, ते आपोआप होत नाही. १६५ चा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे लोक मी पाहिले आहेत, चांगले शिकलेले.

पुसदचा_पायलट (पुसद)

व्हीआरचं (डोळ्यांवर बांधायच्या हेडसेटचं) कोणी बोलेना? कोनाचं लफडंच मिटते.

संत्रा_टर्बो

मे महिन्यात ४५ डिग्रीत तोंडाला डबा बांधून बसायचं आहे का? कूलरसमोर बसलं तर काचेवर वाफ, कूलर बंद केला तर घाम. हिवाळ्यात मात्र त्याला तोड नाही. आणि ३०६० त्यासाठी कमीच पडते. क्वेस्टसारखा हेडसेट केबलने लावला तरी चित्र दाबून पाठवलं जाते आणि हेडसेटमध्ये उलगडलं जाते, त्यात वेळ जातोच.

पुसदचा_पायलट

बरं. आणि माझा ऑनलाइन पिंग (नेटवरून सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) ११० मिलिसेकंद येतो, तोही यात मिळवायचा का?

चिकणमाती

नाही. तुमची गाडी तुमच्याच संगणकावर चालते, स्टेअरिंगला पिंगची वाट पाहावी लागत नाही. पिंगमुळे दुसऱ्यांच्या गाड्या कुठे आहेत ते अंदाजाने दाखवलं जातं. म्हणून चाकाला चाक लावून चालताना कधी न लागता ठोकर बसते.

मिरचीवाली_ताई

दादा, एक राहिलं. लाईटचं काय करता? आमच्याकडे रेसच्या शेवटच्या फेरीतच जाते.

वखरवाला

घरात साधा इन्व्हर्टर आहे. लाईट गेली की टीव्ही चालू राहतो, पीसी बंद पडतो. कधी कधी पडतही नाही.

बर्डीचा_पोऱ्या

साहजिक आहे. पूर्ण लोडवर पीसीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर बॅटरीवर यायला त्यापेक्षा जास्त वेळ घेतो. बहुतेक इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असते, ते दाबून पाहा, १० च्या आसपास येईल. पण स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुर करतात. तुमचा पीसी, मॉनिटर, व्हील मिळून रेसमध्ये ३०० वॅटच्या आसपास जात असेल. १००० व्हीएचा यूपीएस फक्त यांच्यासाठी ठेवा. ६०० चा नको, तो रेसच्या मधेच टीं टीं करत बसेल.

आणि कापूस त्याच खोलीत असतो म्हणालात ना? कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला साडीचा जुना तुकडा ताणून लावा आणि आठवड्याला झटका. माझ्याकडे राळेगावकडचं एक कार्ड दुरुस्तीला आलं होतं, पंख्याच्या मागे सरकीएवढे बोळे निघाले. कार्ड तापलं की वेग कमी करते, फ्रेम लांबते, आणि आपण मॉनिटरला शिव्या देतो.

वखरवाला

अमरावतीहून घेतला. २७ इंची आयपीएस, १४४० पी, १६५ हर्ट्झ. तूर अजून घरातच आहे, सध्या भावजीकडून उसने. दुकानदार व्हीएचा वक्र मॉनिटर दाखवत होता, '१ एमएस आहे साहेब'. मी पेनड्राइव्हवर रात्रीच्या रेसचा व्हिडिओ नेला होता, दोन्हीवर लावायला सांगितला. वक्रवर झाडांचे ओघळ स्पष्ट दिसले, बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही.

घरी मोजलं: असेटो कोर्सात ९ फ्रेम, ३७-३८ मिलिसेकंद. कॉम्पिटिझिओनेमध्ये ८० एफपीएस मिळते, तिथे १३ फ्रेम. फ्रीसिंक चालू, एफपीएस १६० वर अडवलं. टीव्ही खाली परत गेला, घरात शांतता.

आता नवीन अडचण. मॉनिटरचा पाय मोठा आहे, टेबलावर व्हीलच्या बुडाला अडतो. त्यामुळे मॉनिटर ८५ सेंटीमीटरवरच राहतो, पुढे येत नाही. कर्बवर गेलो की जी२९ टेबल हलवते आणि चित्रही थरथरते. भिंतीला हात लावता येत नाही, जुनी मातीची भिंत आहे, खिळा धरत नाही.

संत्रा_टर्बो

मग टेबलाला आणि भिंतीला दोन्हीला सोडून द्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून वेगळा स्टँड करून घ्या. दीड इंची चौकोनी पाइप, खाली एच आकाराचा पाया, पायाचे दोन दांडे टेबलाखालून पेडलच्या दोन्ही बाजूंनी पुढे आले पाहिजेत म्हणजे पुढे कलंडणार नाही. वर एक चौकोनी पत्रा, त्याला १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं. मॉनिटरच्या मागे १०० बाय १०० ची जागा आहे का ते आधी बघा. बोल्ट एम४, फार लांब घेऊ नका, आत पॅनलला टोचतात.

पत्रा उभ्या पाइपवर वरखाली सरकेल असा ठेवा, नट घट्ट करून बसेल. उंची बसल्यावर ठरवायची: स्क्रीनचा मध्य डोळ्याच्या रेषेत, आणि खालची कड व्हीलच्या बुडाच्या लगेच वर. व्हीलच्या बुडामागे पाइपला चार बोटं जागा सोडा, केबल तिथूनच जातात.

वखरवाला

१०० बाय १०० आहे. पाइप घरीच पडला आहे, ठिबकच्या शेडचा उरलेला. उद्या बाजार आहे, वेल्डिंगवाला बसत नाही. परवा नेतो.

वणीकर_एक्सप्रेस

झाला की फोटो आणि पाइपची मापं टाका इथे. माझ्या लॅपटॉपचा पोर्ट थेट कार्डालाच निघाला, आता मलाही स्टँड लागते.